रेक्सचा विक्रम आणि तिल्लाराचा निरोप्या

८ जुलै १९७८, शनिवार

जिंकलो! रेक्सने एकट्याने पाच गोल मारले. मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांचे भोंगे वाजवून वाजवून निम्म्या गावाच्या बॅटऱ्या उतरल्या असतील.

ही जाडजूड वही डोरीनने वाढदिवसाला दिली. "दिवसभर गिऱ्हाइकांचे कान खातोस, शनिवारी मैदानावर जाऊन खातोस, घरी आलास की माझे तरी सोड. उरेल ते हिच्यात लिही," म्हणाली. बायको असं बोलली की वाईट वाटून घ्यायचं नसतं. लिहितो.

तिल्लारा फुटबॉल क्लबचा मी निरोप्या. फुटबॉल म्हणजे आपलं ऑस्ट्रेलियन, चार सत्रांचं, ज्यात चेंडू हातांनी झेलायचाही आणि पायाने मारायचाही. खेळ चालू असताना प्रशिक्षक कुंपणाबाहेरच्या बाकावरून ओरडतो, आणि ते ओरडणं ज्याच्यासाठी असेल त्याच्यापर्यंत मी पळत नेतो. उत्तर असेल तर परत आणतो. अंगात पिवळाधमक शर्ट, म्हणजे पंचांनी मला खेळाडू समजू नये. वय सेहेचाळीस, पण पोटऱ्या बघाल तर तिशीतल्या. एरवी मुख्य रस्त्यावर माझं केस कापायचं सलून आहे. खरं सांगायचं तर दोन्ही कामांत फरक नाही. समोरच्याच्या डोक्याबद्दल खरं ते बोलायचं नाही, आणि तरी खुर्चीतून उठताना तो बरा दिसला पाहिजे.

आजचंच बघा. तिसऱ्या सत्रात रेक्सच्या हातून एक सोपा झेल सुटला. ऑस्कर नोस्के, म्हणजे आमचा प्रशिक्षक, ताडकन उठला. "त्या म्हाताऱ्या बैलाला सांग, पाय उचलत नसतील तर गाडीत जाऊन घोंगडी पांघरून बस! शब्दाला शब्द सांग!" आणि पाण्याच्या बादलीला अशी लाथ घातली की ती थेट मैदानात.

मी पळत गेलो. "रेक्स, ऑस्कर म्हणतो दमानं घे. तुझ्यासारखा दुसरा नाही."

रेक्सने बाकाकडे पाहिलं. "असं म्हणाला?"

"शब्दाला शब्द."

"आणि बादली कुठल्या शब्दावर उडवली?"

"ती पायात आली रे."

रेक्स गुडघ्यांवर हात ठेवून वाकून हसत सुटला. मग म्हणाला, "त्याला सांग, गेलास उडत." मी परत येऊन ऑस्करला सांगितलं, "रेक्स म्हणतो, आभारी आहे, लक्षात ठेवतो." ऑस्करने माझ्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. "आभारी? रेक्स हॅलोरन?" म्हणाला. "हो," म्हटलं मी. "बरं," म्हणाला, आणि जाऊन बादली उचलून आणली. त्यानंतर रेक्सने लागोपाठ दोन गोल मारले.

दोघांनाही पत्ता नाही. दोन वर्षांपूर्वी ऑस्कर प्रशिक्षक झाला आणि त्याने पहिल्याच आठवड्यात रेक्सची कप्तानी काढून घेतली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत. जे काही जातं-येतं ते माझ्या तोंडून. मी नसतो तर या क्लबचं काय झालं असतं, देव जाणे.

९ जुलै

काल मुख्य गोष्टच लिहायची राहिली. रेक्स आता विक्रमापासून दोन गोलांवर आलाय!

आपल्या जिल्हा लीगमध्ये एका माणसाने सगळ्या कारकिर्दीत मिळून मारलेल्या सर्वांत जास्त गोलांचा विक्रम शेजारच्या मुनारा गावातल्या एका खाटकाच्या नावावर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचा. खाटीक कधीच गेला, पण मुनाराच्या क्लबात बिअरच्या नळाच्या वर त्याचा फोटो लावलाय, आणि आपण तिथे खेळायला गेलो की ते लोक मुद्दाम आपल्याकडे बघत त्याच्या नावाने पेला उंचावतात. चाळीस वर्षं हे चाललंय. एक गोल मारला की रेक्स त्याच्या बरोबरीला, आणखी एक मारला की फोटो उतरवा म्हणावं.

रेक्सला काय कमी मिळालंय असं नाही. सतरा हंगाम झाले. पंचांच्या मतांवर मिळणारं, सगळ्यांत चांगल्या आणि सगळ्यांत सरळ खेळाडूचं पदक चार वेळा. गोलांत नऊ वेळा पहिला. दुसऱ्यांच्या खांद्यांवर गुडघे रोवून आभाळातून चेंडू काढायचा तो, लोक दुसऱ्या जिल्ह्यांतून बघायला यायचे. पण आता पस्तिशी आली, डावा गुडघा दर रविवारी सुजतो, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलंय की हा शेवटचा हंगाम. पुढचं वर्ष नाही.

१५ जुलै, शनिवार

मुनाराकडून हरलो. लिहायला हात उचलवत नाही.

त्यांच्याकडे डॅरिल क्विन नावाचा एक पोरगा आलाय. बावीस वर्षांचा, पायांत स्प्रिंगा. आमच्या गोलच्या तोंडाशी राखणीला असतो त्या बिचाऱ्याचा गुडघा पहिल्या सत्रातच गेला आणि मग डॅरिलने चौदा गोल मारले. चौदा! रेक्स पलीकडच्या टोकाला उभा होता, त्याच्यापर्यंत चेंडू पोचलाच नाही. शेवटी ऑस्कर ओरडायचाही थांबला. मला न्यायला निरोपच नव्हता. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

२० जुलै, गुरुवार

सरावाला सगळे रिंगण करून उभे होते. ऑस्करने सांगितलं, शनिवारपासून पुढे, गोल मारायच्या जागेवर नेव्हिल. आणि मागे, गोल राखायच्या जागेवर रेक्स.

नेव्हिल म्हणजे ऑस्करचा मुलगा. एकोणीस वर्षांचा.

नेव्हिल बुटाकडे बघत होता, कानापर्यंत लाल झालेला. राखणीच्या जागेवरून गोल मारायचा म्हणजे मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाला दगड मारण्यासारखं. रेक्स ऑस्करपासून तीन पावलांवर होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "विल्फ, त्याला विचार, किती सामने."

ऑस्कर मला म्हणाला, "त्याला सांग, मी सांगेपर्यंत."

दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं होतं, मी त्यात काय मीठमसाला घालणार? आहे तसं सांगितलं. लोक कायमच असं बोलत असतील तर जगतात कसे?

२२ जुलै

जिंकलो, पण बिनभोंग्यांचे. रेक्सने मागे उभं राहून समोरच्याला एकही गोल मारू दिला नाही, तरी गावाने तोंड फुगवलं ते फुगवलंच. नेव्हिलने तीन मारले तेव्हा एक गाडी वाजली, तीही त्याच्या आईची.

काल आणि आज सलूनमध्ये दुसरा विषय नाही. "पोराच्या नावावर गोल लागावेत म्हणून म्हाताऱ्याचा गळा कापला," असं जो तो म्हणतो. मी हूं हूं करतो आणि कात्री चालवतो. क्लबाच्या खिडकीत चहा आणि स्कोनचे गोड पाव विकणाऱ्या मिसेस ट्रेगेंझांनी तर कमालच केली. ऑस्कर मध्यंतरात चहाला गेला तर किटली मागे ओढली. "ज्याच्या पोराला पुढची जागा लागते, त्याने चहाही पोराकडूनच करून घ्यावा." ऑस्कर जाऊन नळाचं पाणी प्यायला.

मला त्याचा राग आलाय. मनापासून आलाय. पण पाणी पिताना तो जरा म्हातारा दिसला, हेही खरं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

रेक्स केस कापायला आला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तो धान्याच्या कोठारावर गाड्या भरतो, त्यामुळे मानेवर नेहमी गव्हाचा भुसा. मी झटकत होतो तेवढ्यात आरशात बघत म्हणाला, "विल्फ, मला तो विक्रम हवाय."

मी म्हटलं, "सगळ्या गावालाच हवाय."

"गावाचं सोड. मला हवाय. चार पदकं मोज्यांच्या खणात पडलीत, ती पंचांनी दिली. दिली म्हणून घेतली. हे कुणी द्यायचं नाही, हे माझं मी घ्यायचं. इतकं काही कधी हवंसं वाटलं नव्हतं रे. लाज वाटते बोलायला."

मी म्हटलं, "मग सांग ना ऑस्करला."

"मी? त्याला?" तो हसला. "त्याने मागे ठेवलंय तर मागे खेळीन. वाईट खेळलो तर म्हणेल, बघा, रुसला." मग आरशातून नजर काढून, "आणि खरं सांगू? तिथे बरं खेळतोय मी. तेच जास्त टोचतं."

माणूस गेल्यावर खुर्ची झाडता झाडता मी ठरवलं, काहीतरी केलं पाहिजे. काय ते अजून ठरलेलं नाही.

१८ ऑगस्ट

आज खुर्चीत ऑस्कर. कित्येक आठवड्यांनी आला. दाढी करून घेतली, डोळे मिटून. मी हळूच विषय काढला, रेक्सला म्हणे एकदा तरी पुढे...

"डॅरिल क्विनला दुसरा कोण थांबवेल?" डोळे न उघडता विचारलं.

मी वस्तरा पट्ट्यावर घासला.

"अंतिम सामन्यात मुनाराच येणार. त्या पोराने पुन्हा चौदा मारले की संपलं. रेक्सला तिथे आत्तापासून उभा केला तर सप्टेंबरपर्यंत त्याचे पाय तिथले होतील." साबण पुसून घेतला. "सतरा वर्षं खेळला. सगळं मिळालं त्याला, एक सोडून."

"विक्रम."

"चषक, गाढवा. एकदा तरी चषक जिंकलाय का तो? भिंतीवर चषकवाल्या संघांचे फोटो आहेत, त्यातल्या एकात तरी आहे? आणि मी नुसता फोटो बघत बसू?" मग उठता उठता म्हणाला, "हे त्याला सांगायचं नाही, कळलं? कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही." आणि दारातून परत वळून, "कोठारावर कधी जातोस का तू?"

"उद्या कोंबड्यांसाठी गहू आणायचाय."

"हं," म्हणाला आणि गेला. या माणसाला माझ्या कोंबड्यांची चौकशी कशाला, काही कळलं नाही.

२० ऑगस्ट

काल सकाळी कोठारावर गेलो होतो. रेक्सला सांगितलं. म्हणजे सांगायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून. थोडं माझ्या पद्धतीने सांगितलं, ऑस्करच्या डोळ्यांत पाणी होतं वगैरे. रेक्स पोत्यावर बसला आणि त्याची शिवण बोटांनी उसवत राहिला. शेवटी एवढंच, "कोंबड्यांना काय घालतोस, गहू की मका?"

दुपारी सामन्यात असा खेळला, असा खेळला की बस. ऑस्करला मी अजून हे कळू दिलेलं नाही.

२ सप्टेंबर, शनिवार

उपांत्य सामना जिंकलो. आणि रेक्सने बरोबरी केली!

शेवटचं सत्र चालू होतं. रेक्सने आपल्या टोकाला चेंडू अडवला आणि पास न देता सुटला तो सुटलाच. चेंडू जमिनीवर आपटत, परत हातात घेत, एकाला चकवून, दुसऱ्याला खांदा देऊन, निम्मं मैदान पळाला. पस्तीस वर्षांचा तो सुजका गुडघा! आणि लांबून, उजव्या पायाने असा हाणला की चेंडू दोन उंच खांबांच्या बरोबर मधून. गोलच्या पंचाने पांढऱ्या डगल्यातून दोन्ही निशाणं काढून फडकावली. मी निरोप्या आहे हे विसरून नाचलो. गाड्यांचे भोंगे थांबेनात.

ऑस्कर लालबुंद. "जागा सोडली! डॅरिल असता तर तिकडे गोल खाल्ला असता! सांग त्याला, पुन्हा मधली रेघ ओलांडलीस तर पाय तोडीन! शब्दाला शब्द!"

मी रेक्सला म्हटलं, "ऑस्कर म्हणतो, असा गोल त्याने जन्मात पाहिला नाही."

"आणि?"

"आणि, पुन्हा मारायची घाई नको."

रेक्स धापा टाकत म्हणाला, "पाय तोडतो म्हणाला ना?" मी म्हटलं, छे. काहीतरीच.

परत आलो तर ऑस्कर बाकावर बसून टोपीने तोंड पुसत होता. बराच वेळ पुसत होता. घाम खूप येतो त्याला.

१४ सप्टेंबर, गुरुवार

शनिवारी अंतिम सामना. मुनाराशी. ऑस्करचं म्हणणं खरं ठरलं.

सरावानंतर त्याने सगळ्यांना आत बसवलं. "या खोलीत तो शब्द मला ऐकायचा नाही," म्हणाला. कुठला शब्द ते सगळ्यांना कळलं. "शनिवारी कुणी स्वतःसाठी खेळायचं नाही. मी नाही, माझा मुलगा नाही, कुणीच नाही. जागा ज्याला दिली ती त्याची. मी एकदा बोललो की ते बदलत नाही. मला बदलायला सांगणाऱ्याला मी बाहेर बसवीन, मग तो कुणीही असो." दारात मिसेस ट्रेगेंझा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. म्हणजे सकाळपर्यंत जिल्ह्याला कळलंच समजा.

झालं. आता स्वतःच्या तोंडाने त्याला शब्द फिरवता यायचा नाही. मी घरी येऊन डोरीनला म्हटलं, संपलं, रेक्सचं काही खरं नाही, एका गोलासाठी माणूस जन्मभर तळमळत राहणार. ती विणता विणता म्हणाली, "तू आहेस ना." बायकांना या खेळातलं काही कळत नाही. मी काय करणार?

१७ सप्टेंबर, रविवार

आवाज बसलाय. बोटं चालतात तोवर लिहून घेतो.

तीन सत्रं रेक्सने डॅरिल क्विनला मैदानात जिवंत गाडला. पोरगा उडी मारायचा तर वर रेक्सचा पंजा आधीच असायचा. वळायचा तर रेक्स समोर. तिन्ही सत्रांत मिळून एकच गोल करू दिला त्याला, तोही वाऱ्याने आत नेला. मुनाराच्या बाजूच्या गाड्या मुक्या होत्या. इकडे नेव्हिलने सहा मारले, आणि आता त्याच्यासाठीही भोंगे वाजत होते, त्याच्या आईचा ऐकूसुद्धा आला नाही. शेवटचं सत्र निम्मं झालं तेव्हा आपण सात गोलांनी पुढे होतो. चषक आपला होता. वेड्यालाही दिसत होतं.

आणि रेक्स अजून मागेच उभा. एक गोल हवा होता. लोक कुंपणाला रेलून ओरडायला लागले, "रेक्सला पुढे पाठव! पुढे पाठव!" ऑस्कर दगडासारखा बसलेला. मग त्याने मला बोटाने बोलावलं.

"रेक्सला सांग," म्हणाला, जमिनीकडे बघत, "जागा सोडायची नाही. काही झालं तरी पुढे जायचं नाही."

वळलो, तर मागून हाक. "विल्फ. शब्दाला शब्द नको. तुझ्या पद्धतीने सांग."

म्हणजे गोड शब्दांत सांग, म्हाताऱ्याचं मन मोडू नको. तेवढी तरी दया आली म्हणायची.

मी पळायला लागलो. आयुष्यात कितीदा ते मैदान ओलांडलंय, काल ते संपेचना. पळता पळता माझं माझ्याशीच भांडण चाललं होतं. आजवर मी शब्दांना थोडा साबण लावायचो, बस. निरोप उलटा कधी केला नव्हता. हे कळलं तर ऑस्कर मला क्लबातून काढील, गावातून काढील. मग मानेवर भुसा घेऊन आरशात बघत बोलणारा रेक्स डोळ्यांसमोर आला आणि म्हटलं, काढू दे.

"रेक्स! ऑस्कर म्हणतो, पुढे जा."

तो चमकला. "असं म्हणाला?"

"शब्दाला शब्द."

त्याने मान वर करून बाकाकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि देवाचे आभार मानले. ऑस्करने आमच्याकडे चक्क पाठ केली होती आणि वाकून बुटाची नाडी बांधत बसला होता. रेक्सचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता पोर होऊन रडतो की काय. "गेलो बघ," म्हणाला, आणि लंगडत, धावत, पुढे.

मी बाकाकडे परत गेलोच नाही. कुठल्या तोंडाने जाणार? मैदानाच्या पलीकडल्या कडेला थांबून ज्याला-त्याला उगाच निरोप देत राहिलो. "ऑस्कर म्हणतो, शाबास." "ऑस्कर म्हणतो, मोजे वर कर." पोरं माझ्याकडे बघत राहिली.

मग तो चेंडू आला. उंच, वाऱ्यात हेलकावणारा. रेक्स तिघांच्या गर्दीतून वर उठला, जुना रेक्स, पंचविशीतला, आणि दोन्ही हातांत झेलला. झेलला म्हणजे समोर कुणी न येता सावकाश मारायची संधी. त्याने चार पावलं घेतली आणि मारला. चेंडू खांबांकडे गेला, आणि सगळं तिल्लारा कुंपणावरून आत पडलं!

पोरं, म्हातारी, कुत्री, मिसेस ट्रेगेंझा एप्रनसकट. एकाने तर गाडीच आत घातली. कुणी रेक्सच्या पाया पडतंय, कुणी गवत उपटून खिशात घालतंय. आणि गोलचा पंच आपल्या जागी शांत उभा, हातात एकच निशाण. दोन निशाणं म्हणजे गोल, एक निशाण म्हणजे नुसता एक गुण. चेंडू खांबाला घासून गेला होता. तो गोल नव्हताच.

असं तोंडावर आपटलेलं गाव मी पाहिलं नव्हतं. पंचांनी शिट्ट्या फुंकून फुंकून सगळ्यांना बाहेर हाकललं. गाडी चिखलात रुतली ती ढकलावी लागली. मुनाराची माणसं गाड्यांच्या टपांवर चढून पोट धरून हसत होती. "अरे, आमच्या खाटकाने वरून सुरी लावली!" एक ओरडला. रेक्स मधोमध उभा होता, कमरेवर हात, मान खाली. मला वाटलं, संपलं. ती एकच संधी होती आणि ती मी त्याला चोरून दिली होती.

खेळ पुन्हा सुरू झाला. ऑस्कर बाकावरून मला हात करत होता. मी आभाळाकडे बघितलं. काही मिनिटंच राहिली होती. चेंडू मध्यात घुटमळला, मग एकदम आमच्या बाजूने सुटला आणि नेव्हिलने तो गोलच्या अगदी तोंडाशी झेलला. एकटा. समोर रिकामे खांब. डोळे मिटून मारला असता तरी सातवा गोल, अंतिम सामन्यात, एकोणिसाव्या वर्षी. नेव्हिल थांबला. मग बाजूने लंगडत येणाऱ्या रेक्सला ओरडला, "घ्या, काका!" आणि तळहातावरचा चेंडू मुठीने त्याच्याकडे ढकलला.

रेक्सने पळता पळताच मारला.

या वेळी मधोमध. खांबांना विचारलंसुद्धा नाही. गोलच्या पंचाने दोन निशाणं काढली आणि फडकावली.

आणि कुणी हललं नाही. एक भोंगा नाही, एक टाळी नाही. आख्खं गाव कुंपणाला घट्ट धरून उभं, एकदा पोळलेलं. पंचालाच राहवलं नाही, त्याने निशाणं पुन्हा फडकावली, आणखी जोरात, अरे मूर्खांनो बघा म्हणून.

तेव्हा एक माणूस कुंपणावरून आत पडला. अंगात लांब कोट, डोक्याची टोपी मागे उडून गेलेली. ऑस्कर! आणि सरळ रेक्सच्या दिशेने पळत सुटला.

मोडलेल्या हुकमाचा जाब विचारायला निघाला होता, दुसरं काय? आता सगळं बाहेर येणार, आणि रेक्सच्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या क्षणाला दोघं सगळ्यांदेखत भांडणार. मी असा पळालो की डॅरिल क्विनसुद्धा पाहत राहिला असेल. दोघांच्या मध्ये घुसलो, हात पसरले, "ऑस्कर, थांब, त्याची चूक नाही, मी काय म्हणतो ते—" पण ऑस्कर थांबलाच नाही. रेक्सही नाही. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि मी मधल्यामध्ये चेपलो, नाक ऑस्करच्या कोटात.

वरून आवाज आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशिवाय बोलत होते.

"मागे राहायला सांगितलं होतं ना तुला?" ऑस्करचा आवाज फाटलेला होता.

"विल्फने निरोप दिला," रेक्स म्हणाला.

"काय दिला?"

मी डोळे मिटले.

"तू पाठवलास तोच," रेक्स म्हणाला.

ऑस्कर हसत होता की रडत होता, मला दिसत नव्हतं, पण मिठी आणखी आवळली गेली. आणि मग सगळं गाव येऊन आमच्यावर आदळलं.

रेक्सचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मनात आणलं असतं तर एका शब्दात माझी लबाडी उघडी पडली असती, पण माणूस ऐन आनंदात माझ्यासाठी खोटं बोलला. सामना संपल्याचा भोंगा झाला, चषक आला, रेक्सने तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंड त्याच्या मागे लपवलं. मग रिवाजाप्रमाणे त्याला खांद्यांवर घेऊन मैदानाबाहेर न्यायचं ठरलं. एका खांद्याला नेव्हिल लागला. दुसऱ्याला मी पुढे होणार तेवढ्यात ऑस्करने मला बाजूला सारलं आणि स्वतः खाली वाकला. साठीच्या माणसाने एवढं ओझं उचलू नये, मी म्हटलंसुद्धा, पण त्याने ऐकलं नाही. मुनाराच्या गाड्यासुद्धा वाजत होत्या. रेक्स वरून मला हात करत होता, सारखा मलाच, आणि मी त्यांच्यामागून पिवळ्या शर्टात रडत चाललो होतो. ऑस्करला अजून कशाचाही पत्ता नाही, आणि माझ्या तोंडून तरी तो लागायचा नाही.